विरोधकांच्या आंदोलनावर गुन्हा आणि सत्ताधाऱ्यांच्या रॅलीला बंदोबस्त, असं का? सामान्य माणूस यात काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की पाण्यासाठी चौकात बसलेल्या तुमच्या गल्लीतल्या बायकांवर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात त्याच चौकातून सत्ताधारी पक्षाची मोटारसायकल रॅली गेली, तेव्हा पोलीस शिट्ट्या मारून वाट करून देत होते. कायदा एकच, मग असं का?

कारण गुन्हा ठाण्यात लिहिला जातो, पण ठरतो फोनवर. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण मी बत्तीस वर्षं खात्यात काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि तुम्ही सांगितलेली दोन्ही कामं मी स्वतःच्या हाताने केलेली आहेत. त्यामुळे जरा लांबण लागेल.

जानेवारी २००९. एका तालुक्याच्या ठाण्यात मी हवालदार होतो. ठाणं हमरस्त्याला लागून, शेजारीच एसटी स्टँड. कॉलेजच्या पोरांनी एसटीच्या फेऱ्या कमी केल्या म्हणून स्टँडसमोर रास्ता रोको केला. चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पोरं बसली, घोषणा दिल्या, डेपो मॅनेजर बाहेर येईना म्हणून तापली. आम्ही नऊ जण बंदोबस्ताला. उठवताना एकाच्या दंडाला धरून मी ओढलं, त्याने हात सोडवून घेतला, आणि माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटून पडलं.

त्या बटणाची फिर्याद झाली. पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांनी दुपारी बोलावून सांगितलं, "तू फिर्यादी. सरकारतर्फे." जमाव जमवला म्हणून दंड संहितेचं १४३, वाट अडवली म्हणून ३४१, आदेश मोडला म्हणून १८८, पोलीस कायद्याचं ३७ सह १३५, आणि वरून ३५३. म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर करून कामात अडथळा, अजामीनपात्र. अकरा पोरं आरोपी. शर्ट मुद्देमाल म्हणून जप्त केला, दोन पंच बोलावून रीतसर पंचनामा. बटण सापडलं नाही, तेही पंचनाम्यात लिहिलं. मी सही केली. वाचून केली, न वाचता केली असं खोटं सांगणार नाही.

पाचव्या दिवशी आमदारांचा वाढदिवस. आमदार तेव्हा सत्तेतल्या पक्षाचे. मी ठाणे अंमलदार म्हणून ड्युटीवर. ठाण्याच्या ओट्यावरून रस्ता दिसायचा. पोरांवर ज्या मनाई आदेशाखाली गुन्हा नोंदवला, तोच आदेश भिंतीवर चिकटवलेला, मुदत संपायला अजून आठवडा. समोरून गाड्यांचा ताफा सुरू झाला. मोजल्या मी, काम काय होतं दुसरं? दोनशे अकरा. पुढे डीजे, मध्ये उघड्या जीपमध्ये आमदार. एसटी स्टँडातून दोन तास एकही गाडी बाहेर पडली नाही. पोरांना ज्या फेऱ्या हव्या होत्या त्यातल्या दोन त्या दिवशी रद्द झाल्या, हे मला कंट्रोलरनेच येऊन सांगितलं.

साहेबांना विचारलं, गुन्हा घ्यायचा का? ते म्हणाले, "डायरीला मोघम नोंद घे. शांततेत पार पडलं म्हणून."

मी नोंद घेतली. पण मोघम नाही. वेळ लिहिली, गाड्यांची संख्या लिहिली, पहिल्या दहा गाड्यांचे नंबर लिहिले, आणि शेवटी लिहिलं: "मा. पो. नि. यांचे तोंडी आदेशावरून गुन्हा नोंद केला नाही." स्टेशन डायरी म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, तिची पानं क्रमांकित असतात, फाडता येत नाहीत. संध्याकाळी साहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "शहाणा झालास," एवढंच म्हणाले. महिनाभरात कसुरी अहवाल गेला (कारण दुसरंच, ड्युटीवर उशिरा हजर झाल्याचं), आणि माझी मुख्यालयाला बदली झाली. पुढचे चौदा महिने ट्रेझरी गार्ड. बंदूक घेऊन कुलपाकडे बघत बसायचं.

आता तुमच्या "का"कडे. लोकांना वाटतं सत्ताधारी कायदा मोडतात. मोडायची गरजच पडत नाही त्यांना. कलम ३७ चा मनाई आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून आमच्याकडे तो दर पंधरवड्याला नव्याने निघायचा. कागदावर वर्षातले बहुतेक दिवस पाच माणसांनी घोषणा देत एकत्र येणं गुन्हाच. असा आदेश कायम खुंटीला टांगलेला असला की ज्याच्यावर हवा त्याच्यावर काढून लावायचा, ज्याच्यावर नको तिथे खुंटीवरच ठेवायचा. लावला तरी कायदेशीर, नाही लावला तर विचारणारा कोण? आंदोलकांना आदल्या रात्री दिली जाणारी १४९ ची नोटीस घ्या (गुन्हा करू नका म्हणून आधीच बजावायची), चॅप्टर केस घ्या (शांतता राखण्याचा बाँड लिहून घ्यायची कारवाई), तडीपारीचा प्रस्ताव घ्या, सगळीकडे हीच गंमत. कायदा कडक नाही, सैल आहे. आणि दोरी किती आवळायची ते ज्याच्या हातात पोलिसाची बदली त्याच्या हातात.

बदलीवर मोठा निकाल आहे. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की महत्त्वाच्या जागांवरच्या अधिकाऱ्यांना निदान दोन वर्षं हलवू नका, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण करा. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला, शिपाई-हवालदाराला एका ठिकाणी पाच वर्षं असंही त्यात आलं. आणि लगेच खाली, अपवादात्मक परिस्थितीत, जनहितार्थ, मुदतीआधी बदली करता येईल. अपवादात्मक परिस्थिती कोणती हे पुन्हा फोनवरच ठरतं. माझ्या बदलीच्या वेळी तर तेवढंही नव्हतं.

पोरांचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

सरकारं अधूनमधून राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय काढतात. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ठरावीक रकमेच्या वर नसावं अशा अटी असतात, जिल्हा पातळीवर समिती शिफारस करते, मग सरकारी वकील कोर्टात अर्ज देतो. आमच्या तालुक्यातल्या यादीत सगळ्या पक्षांचे पुढारी बसले. एकाने पंचायत समितीच्या काचा फोडलेल्या, त्याचाही खटला गेला. पोरांचा राहिला. एक तर ३५३ होतं, "पोलिसावर हल्ला" म्हणून समितीने बाजूला ठेवलं. दुसरं म्हणजे त्यांच्या वतीने मुंबईला खेटे घालणारं कोणी नव्हतं. मधल्या काळात त्या अकरातला एक पोलीस भरतीत उतरला. मैदानी पास, लेखी पास, आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. अर्जात खटला प्रलंबित असल्याचं त्याने खरं लिहिलं होतं. लपवलं असतं तर ते वेगळं प्रकरण झालं असतं.

२०१६ ला माझी साक्ष निघाली. सात वर्षांनी. शर्ट कोर्टात दाखवला, मी ओळखला. सरकारी वकिलांनी विचारलं, बटण कसं तुटलं? मी म्हटलं, "मी त्याला ओढत होतो, तेव्हा तुटलं. त्याने मला मारलं नाही." वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. मला फितूर घोषित केलं. फिर्यादीच फितूर! सगळे सुटले. तो भरतीवाला पोरगा बाहेर आला, माझ्या पाया पडायला लागला, मी मागे सरकलो. खुल्या गटाची वयोमर्यादा २८, आणि त्याला २८ पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

खात्याच्या दप्तरात माझी ओळख आजही फितूर साक्षीदार अशीच आहे. पहिल्याच दिवशी त्या फिर्यादीवर सही केली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण सांगणारा घरातच आहे. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच आमदारांचा कार्यकर्ता होता, आता दुसऱ्या पक्षात आहे. कुठलंही लग्न असो, बारसं असो, जेवणाच्या पंगतीत त्याचं एकच वाक्य: "दाजी, तुम्ही पोलीस म्हणजे सत्तेचे गडी. हुकूम आला की शेपूट घालता. वरच्यांना दोष देऊन काय उपयोग?" मी त्याला दरवेळी सांगतो की लेखी हुकूम आला असता तर सोपं होतं, पाळला तरी कागद आणि नाकारला तरी कागद. तोंडी हुकुमाला तोंड नसतं. तो हसतो.

म्हणून २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पेपरात आलेलं एक कात्रण मी पाकिटात ठेवलं होतं. ३१ ऑक्टोबर २०१३ ला टी. एस. आर. सुब्रमण्यन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, असे आदेश आले तर त्यांची नोंद ठेवावी. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठाने तोंडी सांगितलं तर नंतर लगेच लेखी द्यावं असं आहे. म्हणजे मी २००९ ला डायरीत जे वाक्य लिहिलं ते बरोबर होतं. मेव्हण्याला कात्रण दाखवलं तर म्हणाला, "मग चौदा महिने कुलपं का राखली?" याला काय उत्तर देणार?

तर तुम्ही काय करायचं. मोर्चे, पोस्टी, मंत्र्याला निवेदन, हे करा हवं तर, पण आधी कागद मागा. सत्ताधाऱ्यांच्या रॅलीवर गुन्हा का नाही असं विचारलंत तर "चौकशी चालू आहे" असं उत्तर मिळेल. त्याऐवजी माहिती अधिकारात (दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून) तीन गोष्टी मागा: दोन्ही तारखांना लागू असलेला मनाई आदेश, रॅलीला दिलेली परवानगी, आणि रॅलीच्या दिवशीची स्टेशन डायरीची नोंद. तिसरी देणार नाहीत, कलम ८(१)(ज) दाखवतील, तपासात अडथळा येतो म्हणून. तेव्हा अपिलात विचारा, गुन्हाच नोंद नाही तर तपास कसला चाललाय? लवकर मागा, जुनी दप्तरं नष्ट करण्याच्या यादीत जातात. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ठाण्याने नाही घेतली तर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, तिथेही काही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात स्पष्ट आहे.

बायकांच्या खटल्यात वकिलाला एक गोष्ट जरूर विचारा. १८८ च्या गुन्ह्यात संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार कोर्टात गेल्याशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. नुसत्या ठाण्यातल्या गुन्ह्यावर चाललेले असे कितीतरी खटले इथेच पडतात. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदललेत, १८८ आता भारतीय न्याय संहितेत २२३ झालं आणि ३५३ झालं १३२. मी जुनेच बोलतो, सवय आहे.

आणि खटले मागे घेण्याच्या यादीची वाट बघत बसू नका. ऑगस्ट २०२१ पासून आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, चांगली गोष्ट आहे. पण नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, बाजार समितीचे संचालक त्यात येत नाहीत, आणि तालुक्यात दोरी ओढणारे तेच असतात.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर खात्यातले माझे मित्र रागावतील. गुन्हा नोंदवला नाही की प्रत्येक वेळी राजकारणच असतं असं नाही. दोन हजारांचा जमाव आणि चौदा पोलीस असतील तर त्या क्षणी हात न लावणं शहाणपणाचं असतं. पण रात्री ठाण्यात येऊन गुन्हा लिहायला कोणी अडवलेलं नसतं. शिवाय माझा अनुभव एका जिल्ह्याचा, मी वकील नाही, आणि पक्षाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पुढे सरकार बदललं, मी दुसऱ्या ठाण्यात होतो, तेव्हा फोन दुसऱ्या बंगल्यावरून यायचा, एवढाच फरक पडला.

राहिला मेव्हणा. तो इथे असतो, वाचेल. बाबा रे, शेपूट घातलं म्हणतोस ना? त्या दिवशी तिसरी जीप तुझी होती. डायरीत नंबर आहे.