ब्लॅकलेटर, गॉथिक की ओल्ड इंग्लिश?

प्रश्न असा आहे: 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नावात दिसणाऱ्या दाट, टोकदार रोमन अक्षरांना कुणी गॉथिक म्हणतं, कुणी ओल्ड इंग्लिश, तर कुणी ब्लॅकलेटर. मग म्हणायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. या सगळ्या कुळाला 'ब्लॅकलेटर'च म्हणावं. बाकीची दोन्ही नावं रूढ आहेत, पण घोळ घालतात.

'गॉथिक' हे इटलीतल्या विद्वानांनी हिणवून दिलेलं नाव. त्यांच्या गोलसर वळणापुढे ही उत्तरेकडची अक्षरं त्यांना रानटी वाटली. पुढे अमेरिकेतल्या छपाईच्या धंद्यात हे नाव अगदी उलट जातीच्या, साध्या, बिनशेपटीच्या अक्षरांना चिकटलं. अमेरिकन अक्षररचनाकार मॉरिस फुलर बेंटनचा 'फ्रँकलिन गॉथिक' हा टाइप तसाच आहे आणि त्याच बेंटनचा 'एन्ग्रेव्हर्स ओल्ड इंग्लिश' मात्र अस्सल ब्लॅकलेटर! नुसतं 'गॉथिक' म्हटलं तर समोरचा काय समजेल याचा भरवसा नाही.

'ओल्ड इंग्लिश'चंही तसंच. हे मुळात इंग्रजीच्या सर्वांत जुन्या रूपाचं नाव. ती भाषा साधारण अकराव्या शतकापर्यंतची. त्या भाषेतल्या 'बेओवुल्फ' या महाकाव्याची पोथी इ. स. १०००च्या आसपासची, आणि ती या वळणात नाही. ब्लॅकलेटर पसरलं ते बाराव्या शतकापासून.

'ब्लॅक' म्हणजे ठळक नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यावं. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीने उभ्या रेघा इतक्या जवळ ओढायच्या की अक्षराच्या आतली आणि दोन अक्षरांमधली पांढरी फट जवळजवळ रेघेएवढीच उरते. त्यामुळे सगळं पान काळं दिसतं. यातल्या सर्वांत दाट प्रकाराचं नाव टेक्स्टुरा, म्हणजे विणलेलं. गुटेनबर्गने जर्मनीतल्या माइन्त्समध्ये १४५५च्या सुमारास छापलेलं बायबल याच वळणात आहे. लॅटिनमधला 'मिनिमम' (minimum) हा शब्द टेक्स्टुरात लिहिला की एकसारख्या पंधरा उभ्या रेघा होतात. कुठलं अक्षर कुठे संपतं ते कळेना, म्हणून तर 'आय'वर खूण करायची चाल पडली आणि तिचंच पुढे टिंब झालं. मला हे फार आवडतं.

फ्राक्टुर हा याच कुळातला सोळाव्या शतकातला जर्मन प्रकार. नावाचा अर्थ 'मोडलेलं', कारण वळसे मोडून कोन केलेले असतात. सरसकट सगळ्या ब्लॅकलेटरला फ्राक्टुर म्हणू नये. त्याला नाझींचं अक्षर म्हणणंही अर्धवट आहे. सुरुवातीला त्यांनी ते मिरवलं हे खरं, पण जानेवारी १९४१मध्ये, ही अक्षरं ज्यूंची आहेत असा धादांत खोटा दावा करून त्यांनीच ती बंद केली.

वापर म्हणाल तर वृत्तपत्राचं नाव, प्रमाणपत्राचा मथळा, बिअरच्या बाटलीवरची चिठ्ठी अशा चार-दोन शब्दांपुरता ठीक. सलग मजकूर आजच्या डोळ्यांना झेपत नाही. आणि सगळा शब्द कॅपिटलमध्ये तर कधीच जुळवू नये. ती नक्षीदार मोठी अक्षरं शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी घडवलेली आहेत. ओळीने लावली की वाचताच येत नाहीत.