आमची वेगवान ट्रेडिंग सिस्टीम क्लाउडवर आहे. स्वतःच्या हार्डवेअरवर हलवली तर लेटन्सीत, म्हणजे लागणाऱ्या विलंबात, खरंच फरक पडेल का?

पडतो. पण "सरासरी किती कमी होईल?" असं विचारणार असाल तर तो प्रश्न आधी सोडा. त्याच सरासरीपायी मी दोन वर्षं भांडलोय.

आमचे साहेब दर सोमवारी मिनिटामिनिटाच्या सरासरीचा आलेख दाखवायचे. भाव आल्यापासून ऑर्डर बाहेर पडेपर्यंत ४०० मायक्रोसेकंद, रेघ सपाट. मी म्हणायचो, ९९.९ पर्सेंटाइल बघा, म्हणजे हजारातले ९९९ मेसेज ज्या वेळेच्या आत उरकतात तो आकडा. उत्तर ठरलेलं: "हजारात एक गेला तर गेला." अहो, दिवसाला दहा लाख मेसेज असतील तर हजारात एक म्हणजे हजार मेसेज, आणि ते नेमके बाजार उघडताना, भाव उसळतो तेव्हाच अडकतात. तेव्हा आमची ऑर्डर २० मिलिसेकंदांनी जायची. 'टॉप' (सीपीयूचा वापर दाखवणारी लिनक्सची कमांड) लावून बसलो की 'एसटी'चा (स्टील, म्हणजे चोरीला गेलेला वेळ) रकाना शून्यावरून तीन-चार टक्क्यांवर चढलेला दिसायचा. म्हणजे आमच्या वाटणीचा सीपीयू तेवढा वेळ दुसऱ्याच कुणाच्या कामाला जुंपलेला.

शेवटी स्वतःचं मशीन आलं. पहिल्या दिवशी आकडे क्लाउडपेक्षा वाईट! साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "यासाठी एवढा खर्च?" रात्रभर बसलो. बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग्ज, वीज वाचवण्याच्या मोडवर तसाच राहिला होता. मेसेज थांबले की कोअर गाढ झोपायचा आणि जागा व्हायला शंभरेक मायक्रोसेकंद खायचा. वर मशीनमध्ये प्रोसेसरचे दोन सॉकेट; नेटवर्क कार्ड एका सॉकेटवर आणि आमचा थ्रेड (प्रोग्रॅमचा चालता धागा) दुसऱ्यावर, त्यामुळे प्रत्येक पॅकेटची मेमरी पलीकडून यायची. सी-स्टेट (कोअरच्या झोपेच्या पायऱ्या) बंद केले, 'आयसोलसीपीयू' या लिनक्सच्या सेटिंगने चार कोअर इतर कामांपासून वेगळे काढले, थ्रेड कार्डाच्याच सॉकेटवर बांधला, इंटरप्ट (हार्डवेअरकडून मध्येच येणाऱ्या हाका) दुसऱ्या कोअरांवर ढकलले, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) बंद. ९९.९ चा आकडा ६० मायक्रोसेकंदांच्या आत आला. कर्नल बायपासला (ऑपरेटिंग सिस्टीमला वगळून प्रोग्रॅमने थेट नेटवर्क कार्डाशी बोलणं) तोवर हातही लावला नव्हता. पुढच्या सोमवारी आलेख मी दाखवला. साहेब म्हणाले, "सरासरी कुठाय?"

असो. तुमचं मशीन बसणार कुठे, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच आहे. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. एक्स्चेंज हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद नुसत्या तारेत. मग माझी ती रात्रभराची मेहनत मातीत. घ्यायचंच तर कोलोकेशन घ्या, म्हणजे एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये मशीनसाठी जागा. तिथे मल्टिकास्ट फीडही (एकाच वेळी सगळ्यांना पाठवला जाणारा भावांचा प्रवाह) थेट कार्डावर उतरतो. क्लाउडवर त्यासाठी बऱ्याचदा जुगाड करावा लागतो.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमची स्ट्रॅटेजी मिनिटामिनिटाने निर्णय घेत असेल तर यातलं काहीही करू नका. आणि डिस्क रात्री अडीचला गेली तर ती बदलणारे तुम्हीच, तेव्हा जोडीला दुसरं मशीन हवंच. बॅकटेस्टिंग (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी तपासणं) क्लाउडवरच राहू द्या. तेवढ्यापुरतं साहेबांचं खर्चाबद्दलचं म्हणणं बरोबर होतं.

जुनी व्यवस्था लगेच मोडू नका. महिनाभर तोच फीड दोन्हीकडे चालवून नोंदी ताडा. नव्या मशीनवर वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डाचा घ्या, प्रोग्रॅमचा नको, कारण प्रोग्रॅम अडकतो तेव्हा त्याचा शिक्काही उशिराच पडतो.