मुरबाडला भात काढून लावलेला मका एकाच शेतात कुठे जोमदार, तर कुठे खुजा व पिवळा आहे. पुढच्या वेळी खोल नांगरल्यास फरक पडेल का?

फरक पडेल, पण जिथे माती खोल असून तिचा खालचा थर घट्ट झाला आहे तेवढ्याच भागात. मुरूम वीतभर खोलीवर लागत असेल तिथे खोल नांगरटीने तो वर येईल आणि नुकसानच होईल. भातासाठी दरवर्षी चिखलणी (साचलेल्या पाण्यात माती कालवणे) केल्याने साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीवर कठीण थर तयार होतो, जो पाणी धरून ठेवत असल्याने भाताला उपकारक असतो, मात्र मक्याची मुळे अडवतो, आणि त्यावर ओलिताचे पाणी साचले की गुडघ्याएवढी होण्याआधीची रोपे मुळांना हवा न मिळाल्याने पिवळी पडतात. ठाणे जिल्ह्यातल्या उताराच्या शेतांत वरच्या अंगाला उथळ मुरमाड माती आणि खाली जड माती हा फरक काही पावलांवर दिसतो, म्हणून जमीन ओली असताना चांगल्या व खुज्या मक्याच्या दोन्ही जागी पहार खुपसून ती कुठे अडते ते आधी पाहावे. जड भागात खोल नांगरटीकडे वळण्यापूर्वी सरी-वरंब्यावर (चर काढून मधल्या उंचवट्यावर) लागवड करून पाहणे मला अधिक सुरक्षित वाटते. नांगरट करायचीच झाल्यास ती वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी असताना करावी, कारण ओल्या चिकणमातीत नांगर घातल्यास न फुटणारी ढेकळे निघतात. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी: तो कठीण थर फोडल्यास पुढच्या खरिपात त्याच खाचरात भाताचे पाणी लवकर झिरपून जाईल.