टायटॅनियम डायबोराइडचा थर सुटतोय? आधी हे बघा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत ॲल्युमिनियम कापणाऱ्यांची कार्बाइड एंडमिल (फिरत धातू कापणारं हत्यार) कोट करणार असाल, तर टायटॅनियम डायबोराइडची निवड बरोबर आहे. ॲल्युमिनियम त्याला सहसा चिकटत नाही. पण जाडीचा मोह नको. 1 ते 1.5 मायक्रॉन पुरे. स्पटरिंगने, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये टार्गेटमधून कण उडवून, बसवलेल्या या थरात दाबाचा ताण मुळातच फार असतो. जाडी वाढली की तो आधी धारेवरूनच पापुद्र्यासारखा उडतो. बायस, म्हणजे हत्याराला दिलेलं व्होल्टेज, उणे 50 व्होल्टच्या आसपास ठेवून सुरुवात करा. वाढवला की थर घट्ट होतो, पण ताणही चढतो.

टार्गेट, म्हणजे ज्यातून थराचं द्रव्य उडतं तो तुकडा, सिरॅमिकचं, म्हणजे ठिसूळ. पॉवर एकदम दिलीत तर तडा जातो, म्हणून टप्प्याटप्प्याने वाढवा. कूलिंगचं पाणी आधी सुरू हवं, हे वेगळं सांगायला नकोच.

पावसाळ्यात चेंबर उघडा ठेवू नका: भिंतींवर पाण्याची वाफ बसते आणि त्यातला ऑक्सिजन थरात शिरतो. व्हेंट, म्हणजे उघडण्याआधी चेंबरमध्ये वायू भरणं, कोरड्या नायट्रोजननेच करा. स्पटरिंगसाठी लागणारा आर्गॉन वायू सोडण्याआधी दाब 10⁻⁵ मिलीबारच्या घरात उतरू द्या, घाई इथेच नडते.

आणि कोटिंगआधी एंडमिल धुताना आम्लधर्मी क्लीनर टाळा. तो कार्बाइडमधला कोबाल्ट खातो, मग थराला धरायला पायाच उरत नाही.