आरसीसीबी वर राहतच नाही, वायरमन म्हणतो काढून डायरेक्ट करू. करू का?

नका करू. बाकीचं सावकाश वाचा, पण आज संध्याकाळी तो वायरमन येणार असेल तर त्याला आधी फोन करून नको म्हणून सांगा.

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीत भाड्याचं घर आहे, पाऊस सुरू झाल्यापासून आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की घराची वीज तोडणारा खटका, पडतो, नवीन बसवला तरी तेच, आणि वायरमन म्हणतो, "काढून टाकू, बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाकडे आहे?" हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. बोलणारा वायरमन होता आणि त्याला हो म्हणणारा माझा सख्खा मोठा भाऊ.

मी वागळे इस्टेटमध्ये पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, अठरा वर्षं झाली. भांडुपच्या आमच्या घरात आरसीसीबी मीच हट्टाने बसवून घेतला होता. दादाला तो तेव्हापासूनच खुपत होता. २०१९च्या गणपतीत त्याने हॉलमध्ये मखर उभारलं, मागे भिंतीत खिळे ठोकले. तोरणांच्या वायरी ओढायच्या म्हणून मेन बंद होता. दीडेक तासाने मेन वर केला तर आरसीसीबी उभा राहीना. सगळ्यांचा संशय तोरणांवर. ती काढली, तरी तेच. सगळे एमसीबी, म्हणजे जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारे एकेका सर्किटचे खटके, खाली केले तेव्हा आरसीसीबी वर राहिला. मग पंख्यांचा एमसीबी वर केला, आरसीसीबी पडला. पंख्यांचा खाली करून फ्रिजचा वर केला, तरी आरसीसीबी पडला. कुठलाही एक लावा, पडतोच.

मी तिथेच म्हटलं, न्यूट्रल बघा. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून पाहतो. आपल्या घरगुती आरसीसीबीत हा फरक ३० मिलीअँपिअरला पोचायच्या आत किंवा पोचताच तो पडतो. न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला असेल तर परतीचा थोडा करंट त्या वाटेने निसटतो, मग लोड पंख्याचा असो की फ्रिजचा. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. त्यामुळे बिघडलेल्या सर्किटचा एमसीबी खाली असला तरी त्याचा न्यूट्रल जोडलेलाच असतो आणि सापडत नाही. वायरमनला वाटतं आरसीसीबीच खराब. तुमच्याकडे नवीन बसवूनही पडतोय, त्यावरून मला हाच संशय येतो.

दादा म्हणाला, "उद्या गणपती यायचेत, आता तुझी तपासणी नको." वायरमनने दहा मिनिटांत डायरेक्ट करून दिलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी भांडले नाही. भांडायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिझरचं पाणी पुरेना म्हणून आईने माळ्यावरचा पाणी तापवायचा रॉड काढला. बटण चालू असतानाच पाणी किती तापलं ते बघायला तिने बादलीत हात घातला. मोरीतली ओली फरशी, पाय अनवाणी. आवाज ऐकून मी धावले तोवर ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी बटण बंद केलं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, पण संध्याकाळपर्यंत तिचा उजवा हात बधिर होता. रॉडला तळाशी बारीक चीर होती. एमसीबी जागचा हलला नव्हता, आणि तो हलणारही नव्हता. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण २६० मिलीअँपिअर घेतो. तेवढा करंट अंगातून गेला तर माणूस मरू शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. जे यंत्र हे पकडतं, ते आम्ही काढून पिशवीत ठेवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यातून मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, मागून आणला. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या, वायरी सुट्या केल्या, फ्रिज-टीव्हीचे प्लग काढले आणि ५०० व्होल्टवर एकेक वायर अर्थिंगशी तपासली. बाकीच्यांना दहा मेगओहमच्या वर रीडिंग, हॉलच्या न्यूट्रलला जवळपास शून्य, म्हणजे तोच अर्थिंगला टेकलेला. मखराच्या उजव्या खांबामागचा खिळा भिंतीतल्या वायरींच्या पाइपात घुसला होता. गणपती बसलेले, मखर हलवता येईना. हॉलची फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटी ठेवली, मखराचे दिवे स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शनने लावले आणि आरसीसीबी परत बसवला. तो वर राहिला. विसर्जनानंतर खिळा काढला तर न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची हिरवी, दोन्ही वायरी सोललेल्या.

दादा म्हणाला, "कुणीही ठोकला असता." खरं आहे, खिळ्यावरून माझं भांडण नाहीच. "चाळीत किटकॅट फ्यूजवर वाढलो, मेलो का आपण?" हे जे तो आजही म्हणतो, त्यावरून आहे. लालबागच्या त्या खोलीत दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ होता. मोरीत गिझर नव्हता, वॉशिंग मशीन नव्हतं. नुसतं वयाने मोठं असलं म्हणून वायरिंग कळत नाही.

तुमच्यासाठी: सगळे प्लग उपटून काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण बटणही फेजच तोडतं. गिझर थेट जोडलेला असेल तर वायरमनकडून त्याच्या दोन्ही वायरी सोडवून घ्या. पावसाळ्यात पहिला संशय गिझरच्या कॉइलवर आणि ओल आलेल्या भिंतीतल्या बोर्डावर. आरसीसीबीचा खटका आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. अर्ध्यावरून उचलला तर काही कंपन्यांचा धरतच नाही. तरीही राहिला नाही तर वायरमनला आरसीसीबीतून घराकडे जाणाऱ्या वायरी सोडून बघायला सांगा. तसा वर राहिला तर तो चांगला आहे, दोष घरात आहे. मग मेगर असलेला माणूस शोधा आणि न्यूट्रल एकेक करून तपासायला लावा. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल दुसरीकडे मिसळलाय का, तेही बघायला सांगा.

हे आधी लिहायला हवं होतं: डीबीत, म्हणजे हे सगळे खटके असलेल्या पेटीत, पाणी किंवा ओल दिसत असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका, हातही लावू नका. आणि डीबी उघडायचं काम मी केलं म्हणून तुम्ही करू नका.

सासूबाई पहाटे चारला अंघोळ करतात असं तुम्ही लिहिलंय. दोष सापडेपर्यंत त्यांचं पाणी गॅसवर तापवा.