इन्स्पेक्शनच्या दिवशी मेथी निवडायची का?

"ताई, ऑफस्टेडवाले कधीही येतील, मला रात्री झोप लागत नाही." हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणींकडून ऐकलंय की आता समोरची नुसती "ताई, ते..." म्हणाली तरी पुढचं मला कळतं. मी इंग्लंडमध्ये समुपदेशन करते, येणाऱ्या बहुतेकजणी आपल्याच मराठी मुली, नवऱ्याच्या जॉबमुळे इकडे आलेल्या, स्वतःचं काम तिकडेच सुटलेलं, आणि मग घरच्या घरी चाइल्डमाइंडर म्हणून रजिस्टर झालेल्या. रजिस्ट्रेशन मोठ्या उत्साहात होतं, पहिलं मूल येतं, दुसरं येतं, आणि मग पहिल्या इन्स्पेक्शनची धडकी भरते. म्हणून एकीची गोष्ट लिहिते. तिला शर्वरी म्हणूया, नाव आणि तपशील बदललेत, तिची परवानगी आहे.

इथे न राहणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळायची तर ऑफस्टेड या सरकारी संस्थेकडे किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी लागते (स्कॉटलंड आणि वेल्सचं वेगळं असतं). स्वतःची मुलं धरून 8 वर्षांखालची जास्तीत जास्त 6 मुलं, त्यात साधारण 5 वर्षांखालची 3, आणि एक वर्षाच्या आतलं शक्यतो एकच. नियमांचं पुस्तक म्हणजे ईवायएफएस, त्याची चाइल्डमाइंडरसाठी वेगळी आवृत्ती जानेवारी 2024 पासून आहे. आणि नोंदणीनंतर ऑफस्टेडची बाई किंवा बुवा तुमच्या घरी येऊन, मुलं हजर असताना, काही तास बसून सगळं बघून जातात.

तुमच्या घरी. ऑफिसात नाही, शाळेत नाही, तुमच्या स्वतःच्या हॉलमध्ये.

शर्वरी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मांडीवर एक जाडजूड फोल्डर होता. कुठून कुठून डाउनलोड केलेल्या पॉलिसीज, प्रत्येकीवर तिचं नाव टाकलेलं. रोज रात्री मुलं झोपली की पाठ करायची, नवरा इन्स्पेक्टर बनून प्रश्न विचारायचा, आणि दोघांचं भांडण होऊन झोपायला एक वाजायचा.

"हे सगळं लिहून ठेवायलाच लागतं ना?"

"तुझ्या आवृत्तीत काय लिहिलंय बघितलंस?"

नव्हतं बघितलं. चाइल्डमाइंडरने पॉलिसी लेखी ठेवलीच पाहिजे असं त्यात नाहीये, फक्त पालकांना आणि इन्स्पेक्टरला आपली पद्धत समजावून सांगता आली पाहिजे. मी तिला तो भाग काढून वाचायला लावला तर तिचा चेहरा उतरला, म्हणजे आनंद व्हायला हवा होता ना, पण झालं उलटंच. माझे कान तिथेच टवकारले. भीती कागदांची असती तर कागद कमी झाल्यावर कमी झाली असती.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती बोलता बोलता म्हणाली, "ताई, मला ना परत एकदा कोणी बघायला येतंय असं वाटतंय." आणि दोघी हसलो, पण मग ती रडली. लग्नाआधी बघण्याचे कार्यक्रम बरेच झाले होते तिचे. सोफ्याची कव्हरं बदलायची, धाकट्या भावाला शेजारी पाठवायचं, पोहे आईने करायचे आणि सांगायचं हिने केलेत. नकार आला की घरात कोणी काही बोलायचं नाही, ते न बोलणंच जास्त लागायचं. आता इतक्या वर्षांनी परक्या देशात परत एक अनोळखी बाई येऊन तिच्या सोफ्यावर बसणार आणि निकाल देणार, आणि तोही नेटवर कायमचा, सोसायटीतली प्रत्येक आई वाचणार.

हे एकदा कळल्यावर मला पुढचं काम दिसायला लागलं. मी मुळात बोल्बी आणि विनिकॉट वाचून घडलेली, दोघंही लंडनमध्ये मुलांबरोबर काम केलेले मनोविश्लेषक, आणि माझे काही सहकारी म्हणतात की हिला सगळीकडे आई-मूलच दिसतं. दिसू दे. विनिकॉट म्हणायचे की मुलाला परफेक्ट आई लागत नाही, पुरेशी चांगली असली की भागतं. शर्वरी मात्र परफेक्ट व्हायला निघाली होती, आणि परफेक्ट होण्याच्या नादात काय काय लपवायला निघाली होती ते हळूहळू बाहेर आलं.

मी विचारलं, "नवीन मूल येतं, आई निघून जाते, ते दारात बसून रडतं, तेव्हा तू काय करतेस?"

तिने लगेच फोल्डरमधलं इंग्लिश सुरू केलं, सेटलिंग-इन पॉलिसी वगैरे. मी म्हटलं मराठीत सांग, परवा आलेल्या त्या छोट्याचं सांग.

"काही नाही हो ताई. मी तिथेच पॅसेजमध्ये खाली बसते. उचलायला गेलं की तो जास्त चिडतो. मी आपली मेथीची जुडी घेते आणि निवडत बसते, मध्येमध्ये त्याच्याकडे बघते, काहीतरी गुणगुणते. पहिल्या दिवशी लांबच होता. दुसऱ्या दिवशी जरा सरकला. मग एकदा येऊन मांडीला टेकला आणि पानं तोडायला लागला. आता तर आल्या आल्या मेथी मागतो."

"आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी?"

"छे, त्या दिवशी मेथी-बिथी काही नाही काढणार. घरकाम करते असं वाटेल."

मी थोडा वेळ बोललेच नाही. मग विचारलं, "तू त्याला का नाही उचललंस?"

"कारण त्याला यायचं होतं, पण स्वतःहून."

हे उत्तर मला अजून आठवतं. आम्ही ज्यासाठी जाडी पुस्तकं वाचतो ते हिने एका वाक्यात सांगितलं, आणि हेच ती झाकून ठेवणार होती. मी तिला तेच परत विचारलं, आता इन्स्पेक्टर विचारेल तसं, की त्या मेथीतून त्याला काय मिळतंय. आणि ती सुरू झाली, पानं खुडताना बोटांची चिमूट पक्की होते, आधी पूर्ण मुठीने ओढायचा, काडी आणि पान वेगळं टाकतो म्हणजे वर्गवारी करतो, वास घेतो, "कडू" हा शब्द शिकला, त्याला अजून दोन शब्द जोडता येत नाहीत म्हणून मी "कडू पान", "हिरवं पान" असं म्हणत राहते. बोलताना ती फोल्डरकडे एकदाही बघत नव्हती आणि कधी मराठीतून इंग्लिशमध्ये गेली तिचं तिलाही कळलं नाही. इन्स्पेक्टरला ऐकायचं असतं ते एवढंच असतं बघा, हे मूल कुठे आहे, पुढे कुठे न्यायचंय, त्यासाठी तू काय करतेस आणि का.

अजून एक गोष्ट तिने लपवली होती. तो छोटा मराठी घरातला, आणि इन्स्पेक्शन जवळ येतंय म्हणून हिने त्याच्याशी मराठी बोलणं बंद केलं होतं. मला खरंच राग आला, तिचा नाही, त्या भीतीचा. ईवायएफएसमध्ये स्पष्ट आहे की मुलाची घरची भाषा इंग्लिश नसेल तर ती खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी द्यायला हवी. इंग्लिशचा पाया पण हवाच, तो कोणी नाकारत नाहीये. पण तो "कडू" शब्द कमीपणाचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तयारी नकोच का. अहो हवी, आणि काही बाबतीत कडक हवी. मी सगळ्यांना सांगते, ज्यात तडजोड नाही ते आधी उरकून टाका म्हणजे डोकं मोकळं होतं. पीडियाट्रिक फर्स्ट एड 3 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तारीख बघा. विमा, हजेरी, अपघाताची आणि औषधांची नोंद, अॅलर्जी, पालकांचे नंबर. घरात राहणाऱ्या 16 आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाचं डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, आणि इथे आपल्या बायका हमखास अडकतात, कारण सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहायला येतात आणि कोणाच्या लक्षातच येत नाही की त्याही आता त्या घरात राहतायत, तर तिकीट काढतानाच ऑफस्टेडला विचारून घ्या. द्राक्षं उभी चिरायची, मुलं खाताना समोर बसायचं. आणि सेफगार्डिंग, म्हणजे मुलाच्या अंगावर वळ दिसला तर कोणाला फोन, आणि आरोप तुमच्यावर किंवा तुमच्या नवऱ्यावरच झाला तर कोणाला, हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. त्याच्या व्याख्या घोकू नका, आपल्या काउन्सिलचा नंबर फ्रिजवर लावा.

बाकीचं घर घरासारखंच राहू दे. नवीन खेळणी आणून ठेवू नका, मुलं त्यांच्याशी कशी खेळतात ते तुम्हालाच माहीत नसतं आणि ती पण त्या दिवशी बावचळतात. ऑफस्टेडचा फोन आला की श्वास घ्या, कुठल्या दिवशी कोणती मुलं असतात ते नीट सांगा, पालकांना कळवा, कारण इन्स्पेक्टर त्यांचं मत पण ऐकतात. इंग्लिश अडखळलं तर "वेट, लेट मी थिंक" म्हणायला काही हरकत नाही. आणि प्रत्येक मुलाबद्दल रोज रात्री एक मिनिट मोठ्याने बोला, नवऱ्याला इन्स्पेक्टर बनवू नका, त्याने नुसतं ऐकायचं.

वेळेचं पण सांगते, पूर्वी नवीन नोंदणीनंतर साधारण 30 महिन्यांत इन्स्पेक्शन व्हायचं, एप्रिल 2026 पासून ते 18 महिन्यांच्या आत असं ठरलंय. आणि एका शब्दाचा निकाल नोव्हेंबर 2025 पासून गेला, आता रिपोर्ट कार्ड असतं, वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळा शेरा. मला विचाराल तर हे बरंच झालं, एका शब्दात मावणारी बाई मी अजून पाहिली नाही.

शर्वरीचं इन्स्पेक्शन जुन्या पद्धतीत झालं. मेथी काढली तिने. इन्स्पेक्टर बाई पण पॅसेजमध्ये खाली बसल्या आणि हे काय म्हणून विचारलं, तर छोट्यानेच "कडू" सांगितलं आणि शर्वरीने पुढचं. "गुड" मिळालं. रिपोर्टमध्ये सुधारणेची एक सूचना होती, की प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला थोडा जास्त वेळ द्या. सगळ्या कौतुकातून हिला तेवढीच ओळ दिसत होती, दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणाली. त्या ओळीवर आमचं आणखी एक सेशन झालं, आणि त्यात मी तिला प्रश्न विचारून मुद्दाम बराच वेळ गप्प बसले. तिच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आलं, आणि मग "अहो ताई!" म्हणून जी हसायला लागली ती थांबेचना.