भराव टाकला, मग पुराचं पाणी गेलं कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या शहराची विकास नियमावली बदलते आहे. नव्या मसुद्यात पूररेषेच्या आतल्या प्रत्येक बांधकामाला, अगदी पार्किंगलाही, ‘माशांच्या अधिवासाची हानी भरून काढावी’ अशी अट आहे. माझा प्लॉट नदीपासून बराच आत आहे आणि बहुतेक वर्षं कोरडाच असतो. भराव टाकून जोतं पूरपातळीच्या वर नेलं की घर सुरक्षित झालं. मग मासे मध्येच कुठून आले? हरकत नोंदवू का?

उत्तर : हरकत जरूर नोंदवा, पण कोणत्या कलमावर ते आधी पाहू.

भरावाने तुमचं घर वाचेल. पण पुराचं जे पाणी तुमच्या प्लॉटवर थांबत होतं, त्याची जागा आता मातीने घेतली. ते पाणी शेजारी जाईल, नाहीतर खालच्या वस्तीत. एका प्लॉटमुळे पातळी बोटभरही चढत नाही, म्हणून परवानगी मिळते, आणि पुढच्या प्रत्येक प्लॉटलाही त्याच हिशेबाने मिळत जाते. अशा परवानग्यांच्या फायली तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. आधीच्या सगळ्या भरावांची बेरीज मला त्यांत कधी दिसली नाही. शिवाय प्लॉट बहुतेक वर्षं कोरडा असतो म्हणता, पण ‘शंभर वर्षांतला पूर’ याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती साधारण २६ टक्के होते.

आता मासे. पुरात मुख्य पात्रातली धार इतकी जोराची असते की बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, तिच्यात तग धरत नाही. ती कडेच्या उथळ, संथ पाण्यात शिरते. बुडालेल्या गवतात तिला आडोसा मिळतो आणि खायला किडे मिळतात. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या पुरासाठी राखलेलं योलो बायपास नावाचं मैदान आहे. तिथली चिनूक सामन या माशाची पिल्लं मुख्य पात्रातल्या पिल्लांपेक्षा भराभर वाढतात, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आपले रोहू-कटलासुद्धा पावसाळी पुरात काठच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. तुमचा कोरडा प्लॉट अशा थोड्या दिवसांसाठीच माशांचा असतो, पण त्यांच्या वाढीचे दिवस तेच.

पार्किंगचंही तसंच. टायर झिजून निघणाऱ्या एका रसायनापासून बनणारा आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारा पदार्थ कोहो जातीच्या सामनला मारतो, हे २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं. तेच पाणी मातीतून झिरपून गेलं तर मासे वाचतात, हे त्याआधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. काँक्रीट ओतलं की हे झिरपणं संपतं.

तुमच्या मसुद्यासारखी अट अमेरिकेत पूरविम्याच्या वाटेने आली. तिथे ‘फेमा’ या सरकारी यंत्रणेचा विमा हवा असेल तर गावाने बांधकामाचे किमान नियम पाळायचे असतात. या नियमांखाली होणारी बांधकामं संरक्षित माशांच्या मुळावर येतात, असा निष्कर्ष तिथल्या केंद्रीय मत्स्य खात्याने २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीच्या परिसराबाबत आणि २०१६ मध्ये ओरेगन राज्याबाबत काढला. ओरेगनच्या यादीत १६ प्रकारचे मासे होते आणि चिनूकवर जगणारे ओर्का देवमासेही. तेव्हापासून तीन गोष्टींचा हिशेब मागितला जाऊ लागला : पाणी थांबायची जागा, पाणी मुरवणारी जमीन आणि झाडं. जेवढं गमावलं तेवढं भरून द्यायचं. मला हा हिशेब न्याय्य वाटतो.

म्हणून मूळ अटीवर हरकत घेऊ नका. कलमं मात्र बारकाईने वाचा. भरावाच्या बदल्यात खोदकाम करायचं असेल तर ते त्याच उंचीवर आणि नदीशी जोडलेलं हवं, असं लिहिलंय का? नुसता खड्डा खणला तर पूर ओसरताना मासे त्यात अडकून मरतात. मी हे पाहिलंय, आणि कागदावर त्या कामाला ‘भरपाई पूर्ण’ असा शेरा होता. तोडलेल्या मोठ्या झाडाबदली रोप लावलं की काम संपतं, की ते जगलं का हे कुणी पुढे पाहणार आहे? आणि छप्पर दुरुस्तीसारख्या, जमिनीला हात न लावणाऱ्या कामालाही तज्ज्ञाचा अहवाल मागितला असेल, तर तिथे जोरदार हरकत घ्या. तो खर्च लहान घरमालकाला परवडत नाही आणि त्याने एकही मासा वाचत नाही.

तुमच्या घरासाठी सांगायचं तर भराव टाळा आणि खांबांवर बांधा, खालून पाणी जाऊ द्या. घर प्लॉटच्या नदीपासून लांबच्या बाजूला घ्या. पार्किंगला खडी पुरते. सुनावणीत एक मागणी लेखी द्या : पूररेषेतल्या सगळ्या भरावांची एकत्र नोंदवही ठेवावी आणि ती कुणालाही पाहता यावी. या मागणीची पोच घ्यायला विसरू नका.